चिचुंद्रीचा उपास

डोंगरावर माणसाची पायवाट पडण्याआधीची ही गोष्ट. अजगरबाबा एक भेकर गिळून महिनाभर निवांत पडून राहायचे, म्हणून सगळे त्यांना मोठे तपस्वी समजत. एकदा बाबांनी साऱ्या जनावरांना तीन दिवसांचा कडक उपास सांगितला.

दुपार व्हायच्या आतच चिचुंद्रीचे पाय लटपटायला लागले. ती किडे शोधायला निघाली, तर वाटेवर बाबा आडवे.

"जिभेवर ताबा नाही तुझा," ते म्हणाले. "माझ्याकडे बघ जरा."

"रोजच बघते. आज तुम्ही मला बघा," असं म्हणून चिचुंद्री सरळ त्यांच्या वेटोळ्यावर चढली आणि छाती टेकवून पडून राहिली.

बाबांचं स्वतःचं काळीज एक ठोका देई आणि बराच वेळ गप्प राही. वर मात्र ताशासारखी तडतड चालली होती, आणि ती हळूहळू मंदावत होती.

"हे थांबू नये म्हणून खाते मी, बाबा. आता मी जाणार. अडवायचं असेल तर गिळून टाका."

बाबांनी अंग आवरलं आणि वाट मोकळी केली. पुढे कुणाला उपास सांगायची वेळ आली, की ते आधी म्हणत, "जरा अंगावर चढ बघू."