रांजणावरचा मासा

शिलावती नगरात सुषेण राजा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. बोधिसत्त्वाने तेव्हा द्राक्षे तुडवणाऱ्या एका घरात जन्म घेतला होता. नाव सोमिल. तरुणपणी त्याने स्वतः द्राक्षे तुडवली. गुडघे थकल्यावर आसवकारांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, त्याला तुडवणाऱ्यांच्या पायांचे तळवे तपासायला बसवले.

काम साधे होते. वेत्रा ओढ्याच्या काठी श्रेणीचे दगडी हौद होते. द्राक्षे हौदात ओतायची, माणसांनी पायांनी तुडवायची आणि रस रांजणांत भरून आंबवायचा, अशी रीत. हौदात उतरण्याआधी प्रत्येकाने ओट्यावर बसून दोन्ही तळवे सोमिलापुढे धरायचे. तळवा स्वच्छ असला की सोमिल अंगठ्याच्या नखावर हळदीचा ठिपका लावी. फोड किंवा भेग दिसली तर ठिपका नाही. ठिपका नाही तर हौद नाही, मग तो राजाचा मेहुणा का असेना. दूरदूरचे व्यापारी शिलावतीचे आसव नेत ते या ठिपक्याच्या भरवशावर. आसव प्यावे की न प्यावे, तो प्रश्न वेगळा. जे करायचे ते नीट करावे, एवढे सोमिलाला कळत होते.

तुडवणारे सगळे ओढ्याच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठी, तळवाडीत राहत. कामावर येताना ओढ्यात उतरूनच यावे लागे. प्यायला पाणी तेच, धुवायलाही तेच. आणि हौदातला चोथा, म्हणजे पिळून उरलेली साले आणि बिया, श्रेणी आजोबा-पणजोबांपासून ओढ्यात लोटत आली होती. हौद पाच होते तेव्हा ओढ्याने ते निभावले. आता हौद तीस झाले होते. पाणी तपकिरी झाले, त्याला आंबूस घाण येऊ लागली, मासे पोट वर करून काठाला लागले.

तीन वर्षे सोमिलाला कुठे दोन, कुठे चार तळव्यांवर फोड दिसत होते. तीन वर्षे तो सांगत होता. चौथ्या वर्षी तुडवणीच्या पहिल्याच सकाळी साठांपैकी वीस जण परत पाठवावे लागले. सोमिल ओट्यावरून उठला आणि तडक श्रेणीचा प्रमुख भद्रशाल याच्याकडे गेला.

"श्रेष्ठी, चोथा ओढ्यात टाकू नका. खड्डे खणा. वर्षभरात खत होईल, ते वेलींनाच घाला."

"खड्डे खणू कुठे, म्हातारबा? माझ्या डोक्यावर?"

"ओढ्याकाठच्या पाच ओळी काढा."

"पाच ओळी! राजाच्या उत्सवाला महिना उरलाय आणि तुम्ही वेली उपटायला सांगता? हे लोक पाय धूत नाहीत, म्हणून फोड येतात."

"धुतात. त्याच पाण्यात धुतात. म्हणून येतात."

भद्रशाल दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर सोमिलाला सोपे गेले असते. तो ऐकून घेई, मान डोलावी, पाणी विचारी. "विषय गंभीर आहे," तो म्हणाला. "श्रेणीपुढे ठेवतो."

श्रेणी तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी ठरले की यापुढे प्रत्येक रांजणावर निळा मासा रंगवायचा, म्हणजे श्रेणीला ओढ्याची किती काळजी आहे ते घेणाऱ्यांना कळेल. चितारी आले. भद्रशालाने सोमिलाला मुद्दाम बोलावून पहिला रांजण दाखवला. मासा सुरेख होता. डोळा तर अगदी जिवंत.

"कसा वाटतो?"

"ओढ्यात सोडून बघा," सोमिल म्हणाला.

चितारी कुंचले धुवायला निघाले होते. ओढ्यातच.

मग काठावर मोठी शिळा उभी राहिली. तिच्यावर कोरले होते, वेत्रा आमची माता. शिळेला हार घातले गेले. सोमिल तिथेच उभा होता. हार घालून मंडळी वळली आणि शिळेच्या मागून चोथ्याची पाटी ओढ्यात उपडी झाली. सोमिलाने पुन्हा तेच सांगितले. एव्हाना त्याचे शब्दही कमी झाले होते. "चोथा. खड्डा." भद्रशालाने पुन्हा मान डोलावली. त्या मानेचा सोमिलाला आता उबग आला होता.

एका सकाळी रोहिका ओट्यावर बसली. तळवाडीत तिच्यासारखे तुडवणारे कोणी नव्हते. बी न फोडता साल सोडवणारे तिचे पाय. नवरा नव्हता, दोन मुले होती. तुडवणीला मिळणाऱ्या धान्यावर तिचे वर्ष निघे.

"बघू नकोस काका. नुसता ठिपका लाव."

सोमिलाने पाहिले. उजव्या तळव्यावर तीन फोड.

"धान्य मिळालं नाही तर मला पोरं घेऊन मिठागरावर जावं लागेल," ती म्हणाली. "तिथं गेलेलं कोण माघारी आलंय, सांग बरं."

सोमिलाचे बोट हळदीत होते. ते तिथेच थांबले. "तुझ्या फोडाचं पाणी लोकांच्या घशात जाईल, रोहिके."

"आणि त्यांच्या चोथ्याचं पाणी माझ्या पोरांच्या घशात जातं, ते चालतं?"

"नाही चालत," सोमिल म्हणाला. पण ठिपका लावला नाही. ती त्याला नको ते बोलून निघून गेली. त्याने ऐकून घेतले.

कामावरून सुटल्यावर तो घरी गेला, आपल्या वाट्याची ज्वारी पोत्यात भरली आणि पोते पाठीवर घेऊन ओढा ओलांडला. ज्यांना ज्यांना परत पाठवले होते त्यांच्या दारात एकेक शेर ओतत गेला. रोहिकेचे दार शेवटचे.

"ठिपका देत नाहीस आणि ज्वारी देतोस," ती म्हणाली. "काय करावं तुझं?"

"शिजव," तो खेकसला आणि वळला.

पंधरा दिवसांत ठिपक्याचे पाय नऊ जणांचेच उरले. द्राक्षांचे ढीग उन्हात सडू लागले, त्यांवर माश्या बसल्या. भद्रशाल स्वतः ओट्यापाशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्हातारबा, थोडे दिवस डोळे मिटा. माळावरची बाग तुमच्या नावे करतो."

"त्या बागेत खड्डे खणू द्याल?"

"नाही."

"मग बाग घेऊन मी काय करू?"

भद्रशाल संतापला. "तुडवण्यात आहे काय एवढं? आम्हीच तुडवतो!"

"तुडवा," सोमिल म्हणाला. "पण नियमाने."

नियम ओट्याच्या दगडावर कोरलेला होता. पूर्वी तुडवणारे रात्री चोरून रांजण फोडत, म्हणून भद्रशालाच्या आजोबानेच तो घातला होता. तुडवणीचे दिवस संपेपर्यंत हौदात उतरणाऱ्याने तळवाडीतच मुक्काम करायचा. आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला भद्रशाल तो दगड अभिमानाने दाखवी. आता मोडणार कसा?

श्रेणीतले बारा जण गाद्या-लोडांसह तळवाडीत राहायला गेले. प्यायला नगरातून गोड्या पाण्याचे घडे नेले. तळवाडीची पोरे तो थाट बघायला जमली. पण घडा डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला तरी पाय पाण्यातूनच जातात. जाताना एकदा, येताना एकदा.

पहिल्या सकाळी बाराही जणांचे तळवे लोण्यासारखे. सोमिलाने ठिपके लावले. ते तुडवायला लागले, घसरले, एकमेकांना धरून उभे राहिले. रोहिका काठावर बसून सांगत होती, "टाच उचला, श्रेष्ठी. द्राक्ष आहे ते, विंचू नाही."

पाचव्या सकाळी भद्रशाल ओट्यावर बसला आणि त्याने पाय पुढे केला. सोमिलाने तळवा हातात घेतला. दोन फोड. भोवती तळवाडी उभी होती. कोणी हसले नाही.

"खाजतं फार," भद्रशाल हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

"यांना रोज असंच होतं?"

"तुमचा पाचवा दिवस आहे. त्यांचं चौथं वर्ष."

भद्रशालाने तळवाडीकडे पाहिले, मग सोमिलाकडे. "अहो, मग हे आधी सांगायचं नाही का?"

सोमिलाने तोंड उघडले. कानशिले तापली. हळदीची वाटी उचलून या माणसाच्या डोक्यावर उपडी करावी, असे त्याच्या मनात आले. चार वर्षे. मासा. शिळा. हार. त्याने वाटी खाली ठेवली. भद्रशालाचा पाय अजून त्याच्या हातात होता. तो त्याने मांडीवर घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पहिल्या वर्षी ज्या आवाजात सांगितले होते त्याच आवाजात म्हणाला, "श्रेष्ठी, चोथा ओढ्यात टाकू नका. खड्डे खणा. वर्षभरात खत होईल, ते वेलींनाच घाला."

त्याच दिवशी पाच ओळी उपटल्या. भद्रशाल लंगडत लंगडत खड्ड्यांच्या जागा दाखवत फिरला. खणायला फोड आडवे येत नाहीत, म्हणून काम तळवाडीला दिले आणि धान्य तुडवणीइतकेच. हौदांच्या वरच्या अंगाकडून लाकडी पन्हळ घालून चांगले पाणी तळवाडीत उतरवले. उत्सवाला निम्मेच रांजण गेले. राजाने कारण विचारले, तेव्हा भद्रशालाने पाय दाखवला. रांजणांवरचे मासे खरवडून काढायला लावले, तेही त्यानेच.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या तुडवणीला रोहिका धावत ओट्यावर आली. "काका, ओढ्यात उतरतो तिथं मासे दिसले! बोटाएवढे!"

"पाय दाखव आधी," सोमिल म्हणाला.

तळवा स्वच्छ होता. त्याने ठिपका लावला. मग उठला आणि काठीच्या आधाराने मासे बघायला गेला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहाराच्या तळ्याकाठी सांगितली. तिथे भिक्षू पात्रे घासून खरकटे तळ्यात सोडत आणि खालच्या वस्तीतल्या बाया तेच पाणी भरत. शास्त्यांचे सहा वेळा सांगून झाले होते. गोष्ट संपवून ते म्हणाले, "त्या वेळचा भद्रशाल म्हणजे आज आपल्या भांडारावर असलेला भिक्षू सुदर्भ. रोहिका म्हणजे ती समोर घागर घेऊन उभी असलेली वनमाला. ओट्यावरचा म्हातारा मी होतो."

सुदर्भाने मान खाली घातली. मग हात जोडून विचारले, "भगवन्, त्या म्हाताऱ्याला राग येत होता ना?"

"खूप येत होता," शास्ते म्हणाले. "पण तो ओट्यावरून उठून गेला नाही, आणि पाय हातातून सोडला नाही. याला क्षांती म्हणतात. आता सातव्यांदा सांगतो. खरकटे तळ्यात टाकू नका."