शम्साच्या तोंडातले खडे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खजुराला बी नसायची आणि उंट खोटं बोलत नसत. आमच्या खाडीत अरबस्तानातून गलबतं यायची, त्यांतल्या खजुराच्या पोत्यांबरोबर ही गोष्ट इकडे उतरली. थोडं मीठ तिच्यात समुद्रानं घातलं, थोडं मी घालतो.

तिकडे डोंगराच्या कुशीत ऐन-सिद्र नावाचं गाव होतं. गावाला झरा एक आणि झऱ्यावर बोरीचं झाड एक. त्या गावात शम्सा राहायची. बाई मेली की तिला शेवटची अंघोळ शम्सानं घालायची. बोरीचा पाला पाण्यात चुरायचा आणि त्या पाण्यानं मय्यत धुवायची. नेम एकच, पण कडक: अंगावर जे दिसेल ते धुणारीनं पोटात ठेवायचं. मेलेल्याची लाज झाकायची. शम्साइतका हा नेम कुणी पाळला नाही, असं म्हणतात.

आता मी काही तिथं नव्हतो. असतो तरी बायकांच्या न्हाणीत मला कुणी घेतलं नसतं. पण शम्साला दिसायची ती छातीतली गाठ. कुणाची बोराएवढी, कुणाची लिंबाएवढी, कुणाची फुटून चिघळलेली. बाहेर घरचे सांगायचे, ताप होता. नजर लागली. प्रत्येक घराला वाटायचं, असलं दुखणं आपल्याच नशिबी. घरोघरी तेच आहे हे एकट्या शम्साला ठाऊक, आणि तिचंच तोंड बंद! गिळलेल्या प्रत्येक गुपिताचा तिच्या गालात एकेक खडा व्हायचा, असं म्हणतात. गाल फुगले. पोरं तिला उंटीण म्हणू लागली.

शम्सानं आपल्या बहिणीची पोरकी मुलगी वाढवली होती. तिचं नाव मौजा. मौजाला दोन मुली, दोघी लग्नाच्या. थोरल्या जोखाचं तर ठरलेलं. एक दिवस मौजा ओढणी घट्ट आवळून झऱ्यावर येऊन बसली.

"खाला, इथं काहीतरी कडक लागतंय."

"मग बंदरावर जा. तिथली डॉक्टरीणबाई गाठ लहान असली तर कापून काढते म्हणे."

"गाढवावर बसले की गाव विचारणार, कुठं चाललीस? मग माझ्या मुलींना कोण करून घेईल? तू एवढंच सांग, आणखी कुणाला झालं होतं का असं? असेल तर जाते. एकटी मीच असेन, तर गप्प बसते."

शम्साच्या गालातले खडे खडखडले. पण नेम म्हणजे नेम.

"नाही गं," ती म्हणाली.

पुढच्या खजुराच्या हंगामात मौजा मय्यत धुवायच्या फळीवर आली. शम्सानंच तिला धुतली. त्या दिवशी बोरीचा सगळा पाला आपोआप गळून पाण्यात पडला, असं म्हणतात.

दुखवट्याला बायका जमल्या. कॉफी फिरली. शेजारीण ग़ालिया उसासून म्हणाली, "ताप फार वाईट हो. आमच्या सासूबाई अशाच गेल्या."

शम्सा हसली. तोंड उघडलं आणि खजुराच्या ताटात टणकन खडा पडला.

"हा बघ तुझ्या सासूचा ताप."

दुसरा पडला. ती पलीकडच्या बाईकडे वळली. "हा तुझ्या आईचा." मग पडतच राहिले, ताट भरलं, बायका भिंतीला चिकटल्या.

"बेशरम!" ग़ालिया किंचाळली. "मेलेल्यांची अब्रू काढतेस?"

"मेलेल्यांना मी वर गेल्यावर तोंड देईन. तुम्ही आधी आपापल्या छातीला हात लावून बघा." मग तिनं शेवटचा खडा हातावर घेतला. "हा मौजाचा. तिनं मला विचारलं होतं."

गावानं शम्साचं काम काढून घेतलं. आणि मौजा ज्याला भ्यायची तेच झालं, जोखाचं लग्न मोडलं. लपवायला काही उरलंच नाही, म्हणून सगळ्यांत आधी जोखाच गाढवावर बसून दिवसाढवळ्या बंदरावर गेली. हरभऱ्याएवढी गाठ निघाली, ती डॉक्टरीणबाईनं कापून काढली. जोखा दात पडेपर्यंत जगली, आणि दात पडल्यावरही.

शम्सा मेली तेव्हा तिला धुवायला कुणी येईना. जोखानं धुतली. गाल अगदी रिकामे होते, असं म्हणतात.

आजही ऐन-सिद्रमध्ये मेंदीच्या आधी नवरीला बोरीच्या पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतात, आणि सासू तिच्या जिभेवर झऱ्यातला एक खडा ठेवते. नवरीनं तो सगळ्यांसमोर थुंकायचा, मोठ्यानं. हशा होतो, बायका आनंदानं चीत्कारतात. पण दरवर्षी एखादी नवरी लाजते आणि गिळून टाकते, असं म्हणतात.