राजकन्येचा हरलेला डाव

"हाच डाव आमची लेक जिंकली पाहिजे! नवा नाही, हाच! आणि एकही चाल बदलायची नाही!" वज्रसेन महाराज गरजले.

आठ वर्षांची राजकन्या मंदाकिनी सेनापतींशी बुद्धिबळ खेळताना हरली होती. रागाने तिने पट उधळला, रडूनरडून नाक लाल केलं.

"उद्या दुपारपर्यंत हे जमलं नाही, तर राज्यातले सगळे पट चुलीत!"

मोडलेला वजीर सांधायला गोदा कातारीण आली होती. लाकूड कातून बुद्धिबळाच्या सोंगट्या घडवण्यावरच तिचं घर चालायचं. दरबारी माना खाली घालून उभे. गोदा मात्र पुढे झाली.

"मी जिंकवते, महाराज. सेनापतींना चाली आठवतात का?"

"झोपेतून उठवून विचार!" सेनापतींनी मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी गोदाने पट मांडला. "बाईसाहेब, काल तुम्ही पांढऱ्या सोंगट्यांकडे होतात ना? आज काळ्यांकडे बसा. तुमच्या कालच्या जागी मी."

सेनापती चाली सांगू लागले. तशाच चाली दोघी खेळू लागल्या. गोदाने एक प्यादं खायला वजीर पुढे सरकवला, तशी राजकन्या ओरडली, "अगं, नको! माझा घोडा टपून बसलाय, तुझा वजीर जाईल!"

"पण काल तर असंच झालं होतं!"

राजकन्या पटावर वाकली. मग हळूच म्हणाली, "मीच केलं होतं... मला घोडा दिसलाच नव्हता."

थोड्याच वेळात तिने टाळी पिटली. "शह आणि मात! जिंकले!"

"ही लबाडी आहे!" महाराज कडाडले. "ती पलीकडे बसली!"

"डाव तोच, चालीही त्याच, महाराज. जागा बदलायची नाही, असं कुठे म्हणाला होतात?"

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात राजकन्या सेनापतींचा हात ओढू लागली. "काका, आता खरा डाव! मी पांढऱ्यांकडे!"

"आणि पुन्हा हरलीस तर?" महाराजांनी विचारलं.

"तर उद्या पुन्हा पलीकडे बसेन!"

महाराजांच्या कपाळावरची आठी गेली. ते गोदाकडे वळले. "हा पलीकडे बसायचा खेळ आम्हालाही शिकव."

"शिकवते की! पण महाराज, त्यासाठी आधी एकदा हरावं लागतं. आणि तुम्हाला हरवायची या दरबारात कुणाची छाती आहे?"

महाराज पोट धरधरून हसले. गाडीभर शिसवी लाकूड गोदाच्या दारी पाठवलं, आणि स्वतः तिच्यासमोर पटावर बसले.

"चल, तूच हरव!"