सारूबाईच्या हातांवरचे हात

मत्तयबाबा खडकवाघळीला आले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळीला देऊळ उरले नव्हते. नेवाशाच्या पुढे काळ्या रानात वसलेले हे लहानसे गाव. त्या वर्षीच्या झडीत देवळाची पश्चिमेची भिंत खचली, तिच्यामागोमाग छप्पर आले, आणि मंडळी रविवारची उपासना शाळेच्या ओट्यावर करू लागली. बाबा एकतारी घेऊन गावोगाव प्रभूची भजने गात हिंडत असत. त्या ओट्यावर त्यांनी भजन म्हटले, मग पडक्या जागी जाऊन दगडांवर हात फिरवला आणि म्हणाले, "दगड सगळे इथेच आहेत. माणसं तेवढी बोलावू."

बाबांचा शब्द! दिवाळी सरली तशी पुण्याहून, नगरहून सेवेकरी येऊ लागले. कुणी कॉलेजात शिकणारे, कुणी कचेरीतले, एक रेबेका नावाची परिचारिका. फावडे कधी धरलेले नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तळहातांना फोड. पण हटला कुणी नाही. गावाचेही तसेच. मारुतीच्या देवळातले भजनी मंडळ दगड वाहू लागले, इब्राहीम गवंडी ओळंबा घेऊन भिंतीवर चढला, आणि घराघरांतून भाकऱ्या येऊ लागल्या. बाबा स्वतः चुन्यात पाणी घालत. कुणी "बाबा, तुम्ही बसा" म्हटले की हसून म्हणत, "बसायला मंदिर तर होऊ दे."

गावाच्या कडेला सारूबाई राहत असे. तरुणपणी तिला महारोग झाला. मिशनच्या दवाखान्यात कित्येक वर्षे काढून ती पुरती बरी झाली, पण हाताची बोटे झिजून गेली होती आणि तळव्यांतली जाणीव मेली होती. चुलीवरचे भांडे हाताला चटका देई तेही तिला कातडी जळल्याच्या वासावरून कळे. नवऱ्याने दुसरा संसार मांडला. ती शेळ्या राखी, आणि रविवारी उपासनेला सगळ्यांच्या मागे, जरा अंतर ठेवून बसे. देवळाचे काम निघाल्याचे ऐकून ती शेळ्या शेजारणीवर टाकून आली.

कामावर देखरेख होती शलमोन मुकादमांची. सरकारी रस्त्यांवर त्यांनी जन्म घालवला होता, आणि त्यांच्या आजोबांनीच जुन्या देवळाचा पाया घातला होता. ही गोष्ट ते विसरत नसत आणि कुणाला विसरू देत नसत.

"काय गं सारूबाई, इकडे कुठं?"

"दगड द्यायला आले, दादा. देवाचं काम हाय."

मुकादम मोठ्याने म्हणाले, "दगड उचलायला बोटं लागतात, बोटं! आणि तुझ्या हातचा दगड भिंतीत गेला, तर लोक म्हणतील, खडकवाघळीच्या देवळालाच महारोग लागला!"

दोघेचौघे हसले. रेबेका तडक पुढे आली. "मुकादम, या बाई बऱ्या झाल्यात. यांच्यापासून कुणाला काही होत नाही."

"बाई, तुम्ही आठ दिवसांच्या पाहुण्या. आम्हाला इथं राहायचंय."

सारूबाईने हात पदराखाली घेतले आणि ती परत फिरली. बाबा चुन्याजवळून हे ऐकत होते. त्यांनी चुन्याने एक घमेले भरले, पदराची चुंबळ करायला तिला सांगितले आणि ते आपल्या हातांनी तिच्या डोक्यावर ठेवले.

"जड होतंय का, बाई?"

"न्हाई, बाबा."

"मग चल."

बाबांपुढे मुकादमांचे चालेना. पण तेव्हापासून सारूबाईने आणलेले घमेले ते भिंतीशी पोचू देत नसत. तिने ते दूर ठेवायचे, मग दुसऱ्या कुणीतरी उचलायचे. तिने तेही मान्य केले. संध्याकाळी पाठ टेकताना ती एवढेच म्हणे, "प्रभू, माझा चुना लागला बरं का तुझ्या भिंतीला."

भिंती उठल्या आणि दाराच्या कमानीचे काम आले. लाकडी साचा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढत गेले. मधोमध कळीचा दगड तेवढा बसायचा राहिला होता. तो बसेपर्यंत कमानीचा सगळा भार साच्यावर, आणि साचा खालच्या दोन धिऱ्यांवर, म्हणजे टेकूच्या जाड खांबांवर. कळीचा दगड दोरांनी वर पोचला, इब्राहीमने तो कवेत घेतला, आणि मुकादम धिरे बघायला कमानीखाली गेले.

चुन्याचे पाणी झिरपून डाव्या धिऱ्याखालची जमीन मऊ झाली होती, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. धिरा सटकला. त्याच्या बुडाशी टेकण म्हणून ठेवलेले ओंडके सरकून मुकादमांच्या पायावर बसले आणि ते आडवे झाले. वर साचा कलला. कमानीचे दगड करकरू लागले.

"पळा! पळा!" सगळीकडे ओरडा झाला. धावले ते सगळे बाहेरच धावले.

सारूबाई घमेले घेऊन समोरच आली होती. ते तिने खाली टाकले, कमानीखाली शिरली, कलंडता धिरा दोन्ही हातांच्या मधे धरला आणि त्याला खांदा लावला. "येशू, धर रे बाबा!" एवढे तिच्या तोंडून निघाले.

आणि साचा थांबला!

मुकादम खाली पडून पाहत होते. ती म्हातारी, ते बिनबोटांचे हात, आणि वर गाडीभर दगड.

"इब्राहीमभाई, दगड बसवा!" बाबांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा.

इब्राहीमने अल्लाचे नाव घेतले आणि कळीचा दगड फटीत उतरवला. वरून हातोड्याचे ठोके दिले. दगडाने दगड आवळला. करकर बंद झाली. कमान आपल्या बळावर उभी राहिली.

पोरांनी मुकादमांना ओढून बाहेर काढले. रेबेकाने त्यांचा पाय बांधला. हाड शाबूत होते. मग धिरा बाजूला घ्यायला गेलेल्या चौघा तरुणांना तो पेलता पेलवेना.

सारूबाई मातीत बसून होती. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले.

"बाई, लागलं का कुठं?"

"न्हाई. बाबा, माझ्या हातावर कुणीतरी हात ठेवले व्हते." ती आपल्या तळव्यांकडे पाहत होती. "मला कळलं! येवढ्या वर्सांत मला हाताला काय लागलेलं कळत न्हाई, पर ते कळलं. खरबरीत व्हते. घट्टे पडलेले. कुणाचे व्हते वो?"

बाबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "नासरेथात आपला येशू सुतारकी करायचा, बाई. त्याला धिरा कसा धरावा हे कुणी सांगायला लागत नाही."

भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याने डोक्यावरचे पागोटे काढून हातात घेतले.

तेवढ्यात शलमोन मुकादम दोघांच्या खांद्यांवर भार टाकून लंगडत आले आणि बाबांच्या पायांवर वाकू लागले. बाबा मागे सरले. "माझ्या पाया कशाला पडता, मुकादम? मी तर तिथं उभा होतो, लांब."

मुकादमांना उमगले. दुखरा पाय दुमडत, ओठ चावत ते सारूबाईपुढे गुडघ्यांवर आले. तिने सवयीने हात पदराखाली नेले. मुकादमांनी ते हळूच बाहेर घेतले, चुन्याने माखलेले, आणि सगळ्या गावादेखत त्यांवर कपाळ टेकले.

"सारूबाई, मी आंधळा होतो. मला क्षमा कर."

"उठा, दादा," ती गडबडून म्हणाली, "पायाला तुमच्या लागलंय."

पण मुकादम बराच वेळ उठले नाहीत. गर्वाने ताठलेली मान अशी नमवणाऱ्या त्या दयाळू प्रभूला आपलाही दंडवत असो!