लिफ्टखालचा काँक्रीटचा खड्डा

इमारती आपसांत बोलायच्या त्या काळी, एका सहा मजली इमारतीत, लिफ्टच्या खाली काँक्रीटचा एक खड्डा राहत होता. आपल्या जाड भिंती पाण्याचा थेंबही आत येऊ देत नाहीत, याचा त्याला फार अभिमान. जमिनीतलं पाणी झिरपून तळाशी साचलं, तरी तो म्हणायचा, "घाम आहे तो. एवढी इमारत तोलतो मी!"

त्या घामात बेडूक पोहू लागले. लिफ्टचा तळ गंजला आणि एके दिवशी ती बंदच पडली.

कारागिरांनी पाणी उपसलं आणि मापाने बनवून आणलेलं जाड प्लास्टिकचं अस्तर आत सोडलं.

"काका, जरा जागा द्या," अस्तर म्हणालं.

"या वयात मला लंगोट?" खड्डा फुगला. त्याने भिंतीतली सळई पुढे काढली. दोन दिवस खटपट करूनही अस्तर काही बसेना.

तिसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या दमयंतीबाई गुडघे धरून जिना उतरू लागल्या. त्यांची बहीण इस्पितळात होती. चौथ्या मजल्यावर त्या मटकन बसल्या. "आता नाही गं उतरवत," असं सोबतच्या सुनेला म्हणून रडू लागल्या.

लिफ्टने खाली पाहिलं. "काका, अजूनही घामच का?"

खड्ड्याने सळई हळूच आत ओढली. "नाही गं, मी गळतो," तो म्हणाला. "ये बाळा अस्तरा, नीट बस."

आठवड्याने लिफ्ट सुरू झाली. बहिणीचा डबा घेऊन पहिल्यांदा दमयंतीबाईच खाली आल्या. खड्डा कोरड्या पोटाने खो खो हसला. "पाणी अडवतो म्हणून जन्मभर मिरवलो, आणि मी मेला नुसता हौद होतो!"