दाराला एक घागर

एका राज्यात झरा होता एक आणि तहानलेली घरं होती तीनशे. झरा डोंगराच्या कुशीत, डोंगरावर दाट रान. राजाच्या पणज्यानं नेम घालून दिला होता: दाराला एक घागर, रोजची. तेव्हा घराला दार एकच असे, म्हणून पणज्यानं घर म्हटलं नाही, दार म्हटलं. एवढ्या एका शब्दानं राज्य कसं बुडायला आलं, ते ऐका.

त्या राज्यात लुमाजी नावाचा म्हातारा सुतार होता. सून बाळंत झाली, पाणी पुरेना. लुमाजीनं परसाकडची भिंत फोडली, तिथं दार बसवलं आणि दोन घागरी घेऊन झऱ्यावर गेला.

राखणदार म्हणाला, "दुसरी कुणाची?"

"मागच्या दाराची."

राखणदारानं डोकं खाजवलं. नेमात पुढचं-मागचं काही नव्हतं. त्यानं घागर भरू दिली.

शेजारणीनं ते पाहिलं. "लुमाजीबाबा, तुमची सून तेवढी माणूस आणि आम्ही काय खांब?" मग तिलाही दार झालं, तिच्या जावेलाही झालं. माझ्या एका दारानं काय झरा आटतोय, असं ज्यानंत्यानं म्हटलं, आणि एकेकाचं म्हटलं तर खोटं नव्हतं. पाच वर्षांत घरांना भिंती उरल्या नाहीत. चोरांचीसुद्धा पंचाईत झाली, शिरावं कुठून ते कळेना. दारांचं लाकूड सगळं डोंगरावरचं. झरा बारीक होत गेला, तशी माणसं आणखी दारं बसवत गेली.

राजा मागं कसा राहील? त्याला शंभरावं दार हवं झालं, एका लाकडाचं, अखंड. तसं झाड डोंगरावर एकच उरलं होतं. लुमाजीनं त्याला कुऱ्हाड लावली.

त्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवीत होती. ती जात ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं भरवतो. लुमाजीला फट दिसली नाही. झाड पडलं. नर चोचीत फळ घेऊन आला, पडलेल्या झाडाभोवती तीनदा फिरला आणि माणसाच्या वाणीनं बोलला, "दारं हवीत तुम्हाला? हे घ्या दार."

झऱ्याच्या तोंडावर दगडाचं दार उभं राहिलं. त्याला कडी नव्हती, बिजागरी नव्हती. घणानं चरा उमटला नाही.

लुमाजीचा मुलगा आणि सून पाणी शोधायला मागच्या दारानं गेले, ते परतले नाहीत. पाच वर्षांची नात बायजा त्या दाराकडे तोंड करून बसे. घरात तांब्याभर पाणी उरलं. लुमाजी तिला बोट बुडवून चाटवी, आणि स्वतः खडा चघळी.

शेवटी तो दगडी दारापाशी गेला. धनेश वर बसला होता.

"पक्षीराजा, माझी चूक. नात मरते आहे. शाप उचल."

"तीन कामं कर. पहिलं, माझं झाड परत आण."

लुमाजी राजाकडे गेला. राजा ओसाड दिवाणखान्यात एकटा बसला होता. म्हणाला, "ने ते शंभरावं दार. आत येणारं कुणी उरलं नाही." लुमाजीनं ते पाठीवर घेतलं आणि गुडघ्यांतून रक्त येईतो डोंगर चढला. जिथं झाड होतं तिथं दार उभं केलं. ते दारच राहिलं.

धनेश म्हणाला, "दुसरं. घरागणिक एक दार ठेव, बाकीची बुजव."

लोक खवळले. "बसवलीस तू, बुजवणारही तूच! आधी तुझं मागचं बुजव, म्हाताऱ्या."

लुमाजी घरी आला. चिखलाला पाणी नव्हतं, म्हणून दगडावर दगड कोरडाच रचू लागला.

बायजा म्हणाली, "आजोबा, आई कुठून येईल?"

"पुढून येईल, बाळा."

"तिला ठाऊक नाही ना पण."

लुमाजीनं शेवटचा दगड ठेवला. ते पाहून लोकांनी मुकाट्यानं आपापली दारं बुजवली.

"तिसरं," धनेश म्हणाला. त्यानं चोचीतून मूठभर बिया टाकल्या. "पाऊस डोंगरावर पडतो, मुळं तो धरून ठेवतात आणि थेंबाथेंबानं झऱ्याला देतात. तुझं दार झाड होतं, तेव्हा हेच करत होतं. या बिया लाव. पहिलं पाणी तुझ्या घरचं घाल."

"ते नातीचं आहे. दुसरं काही माग."

"दुसरं तुझ्याकडे आहे काय?"

लुमाजी बायजाला खांद्यावर घेऊन आला. एका हातात तांब्या. बिया मातीत ठेवल्या. बायजा म्हणाली, "एक घोट मला, बाकीचं झाडांना."

"सगळं," धनेश म्हणाला.

लुमाजीनं तांब्या उपडा केला. बायजानं त्याची ओली बोटं धरली आणि मातीसकट चाटली.

दगडाचं दार तडकलं, त्याचा चुरा झाला. शाप सरला. पण मागं झरा होता तो कसला? रान नव्हतं, मुळं नव्हती, डोंगराच्या पोटात काही साठलेलं नव्हतं. कपारीतून एक थेंब आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. लुमाजी ओंजळ धरून बसला.

"येतंय हं, बायजा. येतंय."

ओंजळ भरली, तेव्हा बायजा पाणी मागायची थांबली होती.

राजानं नेम बदलला: घराला एक घागर, आणि झाडाला अर्धी. घरांना पुन्हा भिंती आल्या. झऱ्याचा थेंब धार झाला. डोंगर हिरवा होऊ लागला. लोक लुमाजीच्या पाया पडत, तो पाय आवरून घेई. रोज आपली अर्धी घागर घेऊन तो डोंगर चढे.

रोपं हळू वाढणारी होती. पाचव्या वर्षी ती बायजाएवढी झाली. त्या वर्षी लुमाजी त्यांच्यापाशी बसून राही, शेंड्यांवरून हात फिरवी. सहाव्या वर्षी ती तिच्याहून उंच झाली. मग लुमाजी पाणी घाली आणि मान वर न करता खाली उतरे.

झरा वाहिला, राज्य निभावलं. ज्याचं गेलं त्याचं गेलं, आणि सांगणारीचं सांगून झालं.