बिल्ल्याशिवाय दर्शन

एकदा एका शिष्येपुढे असा पेच उभा राहिला, की नोकरी सांभाळावी की आपला हट्ट. एका धनिकासाठी तिने मोबाईलवरचे ॲप घडवले होते. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचे रक्त शिल्लक आहे, हे ते सांगत असे. धनिकाची आज्ञा अशी, की आधी प्रत्येकाने नाव, मोबाईल नंबर, पासवर्ड देऊन खाते उघडावे, मगच पुढे जावे. "आपल्याकडे खाती किती, हे मला चारचौघांत सांगता आलं पाहिजे," तो म्हणे. समाजसेवा त्याला करायची होती, पण मिरवता येईल अशीच. शिष्येला हे मुळीच पटत नव्हते. मात्र का पटत नाही, हे सांगायला गेली की तिची जीभ अडखळे.

तिचे वृद्ध गुरू आयुष्यभर संगणकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि आता टेकडीवरच्या दत्तमंदिरात चपला सांभाळण्याची सेवा करीत. धनिकही दर गुरुवारी तिथेच दर्शनाला येई. म्हणून तिने गुरूंच्या कानावर सारे घातले आणि ती त्यांच्याजवळच थांबली.

धनिक आला तो अनवाणीच. बूट त्याने गाडीत काढून ठेवले होते. तो तरातरा आत निघाला, तोच गुरूंनी हात आडवा केला.

"आधी बिल्ला घ्या, शेठ."

"कशाला? माझ्या पायांत काहीच नाही."

"नसू दे. नाव सांगा, मोबाईल नंबर सांगा. त्याशिवाय आत सोडणार नाही."

शिष्या चक्रावली. असला नियम तिथे कधीच नव्हता. आत आरती सुरू झाली आणि इकडे धनिकाचा पारा चढला. "अहो, मी तुमच्यापाशी काही ठेवलेलंच नाही, तर नाव कशाला सांगू? देव काय तुमच्या घरचा आहे?"

गुरूंनी हात खाली घेतला. "नाही. म्हणूनच तुम्हाला अडवण्याचा मला अधिकार नव्हता. ज्याच्या चपला माझ्यापाशी आहेत त्याला बिल्ला हवा, कारण त्याची वस्तू त्यालाच परत मिळाली पाहिजे. तुमच्या ॲपमध्ये रक्तदात्याचं खातं जरूर असावं. त्याला पुन्हा बोलवायचं असतं, त्यानं मागे रक्त कधी दिलं ते लक्षात ठेवायचं असतं. पण ज्याचं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आहे, तो तुमच्यापाशी काय ठेवतो? तो पाहुणा आहे. त्याला पासवर्ड शोधत बसवताना तुम्हाला लाज वाटायला हवी."

धनिक लालबुंद झाला. गुरूंना सोडून तो शिष्येवर उलटला. "ॲप माझं आहे. खातं उघडायचं ते पान काढलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

आज मात्र तिची जीभ अडखळली नाही. "नाही येणार. पण ते पान मी आत्ता, इथेच काढणार. परत लावायचं असेल तर दुसरं कोणी शोधा, आणि आपण कोणाला दाराशी उभं करतोय, तेही त्याला सांगा."

पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला. एका शब्दात तिला थांबवणे धनिकाला शक्य होते. पण तो तिच्या लॅपटॉपकडे पाहत तिथेच उभा राहिला. आरती संपून लोक बाहेर पडू लागले, तोवर रक्त शोधणाऱ्यासाठी पडद्यावर एकच प्रश्न उरला होता: कोणता रक्तगट हवा आहे?